धम्मगिरी, इगतपुरी: १० दिवसांचं विपश्यना शिबिर, एका इंटर्नच्या नजरेने

एमबीबीएसच्या फायनल इयरची परीक्षा आणि रिझल्ट यांच्या मधल्या गॅपमध्ये केलं होतं, आता इंटर्नशिप चालू आहे, म्हणून खास मेडिकोजसाठी लिहितोय. बाकी रिव्ह्यू बघाल तर एकतर "लाइफ चेंजिंग" नाहीतर "जेल आहे जेल", मधलं कोणी लिहीतच नाही.

फी शून्य, सगळं जुन्या साधकांच्या दानावर चालतं. फोन-पुस्तकं जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन, पहाटे ४ ला घंटा. रात्रीचं जेवण नाही, ५ ला चहा-फळं. मेसवर वाढलेल्या माणसाला तिथलं जेवण एकदम झकास.

पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांखाली वरच्या ओठावर येणारा-जाणारा श्वास जाणवत राहायचा, मुद्दाम खोल वगैरे घ्यायचा नाही. माझ्या डोक्यात तेव्हा व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) काय बोललो, पीजीला सीट कुठली, हेच दळण. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर जाणवणाऱ्या संवेदना नुसत्या बघत राहणं, सुरू झाली की मग अधिष्ठान, तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत! पाय बधिर झाला की आपल्याला लगेच गुडघ्याजवळून जाणारी कॉमन पेरोनियल नर्व्ह आठवते, ती दबली, आता फूट ड्रॉप (पाऊल वर उचलता न येणं) होणार म्हणून घाम फुटतो, आणि उठून दोन चकरा मारल्या की पाय ठणठणीत. दुखत होतं थोडं, घाबरलो होतो जास्त.

याचा उपयोग कॅज्युअल्टीत (इमर्जन्सी वॉर्डात) होतो. रात्री ३ ला पेशंटचे नातेवाईक अंगावर आले की आधी दोन श्वास, मग उत्तर. रूमवर आल्यावर पेशंट आठवत पडून राहणंही कमी झालंय. सकाळ-संध्याकाळ तासभर बसा म्हणतात ते मात्र ड्युटीत जमत नाही, खोटं कशाला बोलू.

पण डॉक्टरांच्या बर्नआउटवर (कामाने पार पिळून निघण्यावर) हाच इलाज म्हणून कॉलेजं ध्यानाचं सेशन ठेवणार आणि ड्युटी तशीच लावणार असतील तर काय फायदा? एनएमसीच्याच (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने २०२४ मध्ये रेसिडेंटना (पीजी करणाऱ्या डॉक्टरांना) आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि एक सुट्टी सुचवलीय, आधी ते करा की.

रेसिडेन्सीत १० दिवस सुट्टी विसरा, जायचं तर त्याआधीच. नाहीतर एमबीएसआर (माइंडफुलनेसने ताण कमी करायचा कोर्स) बघा, जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजातच सुरू केलेला ८ आठवड्यांचा कोर्स आहे, आठवड्यातून एक क्लास आणि रोजचा सराव.

आणि डिप्रेशन-अँग्झायटीच्या गोळ्या चालू असतील तर फॉर्ममध्ये खरं लिहा, आपल्या मनाने बंद करून जाऊ नका, आधी सायकियाट्रिस्टशी बोला. फारच वाईट वाटत असेल तर शिबिराची वाट बघत बसू नका, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ लावा, फ्री आहे, मराठीत बोलतात.