हॅम रेडिओच्या दोन मीटर बँडसाठी फायबरग्लासची नळी की घरचा ग्राउंड प्लेन?

जुळे सोलापूर किंवा विजापूर रस्त्याकडचं दुमजली घर, गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीपासून खालच्या खोलीतल्या सेटपर्यंत 20 मीटर केबल. हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशनाचा) परवाना हातात आहे, दोन मीटर बँडचा, म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा, 25 वॉटचा सेटही घेऊन झालाय. आता वर काय लावायचं? बजेट तेवढंच ठेवलं तर दोन पर्याय उरतात. एक, ऑनलाइन मिळणारी, पाकिटावर ‘9 डीबी’ छापलेली दीड मीटरची पांढरी कोलिनिअर नळी (आत अँटेनाचे तुकडे एकावर एक रचलेली) आणि तिच्यासोबत येणारी बारीक आरजी-58 केबल. दुसरा, घरी केलेला पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन (एक उभी काडी आणि तिच्या बुडाशी चार काड्या) आणि वाचलेल्या पैशांत जाड आरजी-213 केबल.

आधी त्या ‘9 डीबी’चं बघू. डीबी हे ताकदीच्या गुणोत्तराचं माप (3 डीबी म्हणजे दुप्पट), त्यामुळे कशाच्या तुलनेत, हे न सांगता दिलेल्या आकड्याला अर्थ नाही. डीबीआयमध्ये (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) असेल तर डाइपोलशी (साध्या अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनाशी) तुलना करताना त्यातून 2.15 वजा करा. शिवाय दुहेरी बँडच्या नळीचा 70 सेंटिमीटरवरचा (435 मेगाहर्ट्झच्या बँडवरचा) गेन, म्हणजे ताकद एकवटण्याचा फायदा, नेहमीच जास्त असतो आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात तोच छापतात. आकडा वाचण्यापेक्षा सरळ टेप लावून बघावं. 145 मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी 1.03 मीटर. कोलिनिअरचा गेन लांबीतून येतो आणि लांबी दुप्पट केली तर फार तर 3 डीबी वाढतात. दीड मीटरच्या नळीत दोन अर्ध्या लांब्यासुद्धा पुऱ्या मावत नाहीत, म्हणजे डाइपोलपेक्षा 2 डीबी वर मिळाले तरी खूप झालं. चांगल्या बनावटीच्या सव्वापाच मीटरच्या नळ्यासुद्धा दोन मीटरवर आठ-साडेआठ डीबीआयच सांगतात.

आता केबल. 145 मेगाहर्ट्झला आरजी-58 मध्ये 20 मीटरमागे साधारण 4 डीबी जातात, म्हणजे 25 वॉटपैकी 10 वर पोचतात. आरजी-213 मध्ये पावणेदोन डीबी जातात, वर साडेसोळा वॉट पोचतात. ऐकतानाही तोटा तेवढाच. डिशची आरजी-6 या बाबतीत 213 च्या जवळपास आहे, आणि सेटच्या 50 ऐवजी तिच्या 75 ओहममुळे येणारा दीडचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप, 1 म्हणजे उत्तम) किरकोळ. पण तिची ॲल्युमिनियमची जाळी डाख धरत नाही, एफ कनेक्टर आणि ॲडाप्टर लावावे लागतात. तात्पुरत्या कामाला ठीक.

ग्राउंड प्लेन स्वतः डाइपोलपेक्षा जरासा खालीच धरून बेरीज-वजाबाकी केली तर दोन्ही जोड्या डाइपोलपेक्षा दोन-सव्वादोन डीबी खाली, म्हणजे बरोबरीतच. तुळजापूरच्या डोंगरावरचा हँडी (हातातला छोटा सेट) मला तरी दोन्हींवर सारखाच आला. मीटर लावून मोजलेलं नाही, पण अर्धा एस-युनिट (सेटवरच्या सिग्नलच्या काट्याचा अर्धा टप्पा) सुद्धा 3 डीबीचा असतो, तेव्हा एवढा फरक कानाला कळणारही नाही.

माझं पारडं झुकलं ते वेगळ्याच कटकटीमुळे: नळी बिघडली तरी कळत नाही. आत तारेचे तुकडे, त्यांना एका तालात चालवणारी फेजिंगची कॉइल आणि डाखाचे सांधे असतात. मे महिन्यात दुपारी 42-43 अंशांत नळी तापते, रात्री निवते, आणि निवताना बाहेरची हवा आत ओढते. जूनमध्ये हीच हवा ओली असते. तळाशी पाणी निथळायला बारीक भोक ठेवलेलं असतं, पण काळ्या मातीची धूळ आणि पहिला वळीव एकत्र आले की त्याचा चिखल होऊन ते बुजतं. मग पाणी साचतं आणि सांधा हिरवा पडतो. कोरड्या दिवशी सेट चालतो, पावसात बसतो. नळी उघडावी तर दोन्ही टोकं इपॉक्सीने बंद.

यावर आरजी-58 पांघरूण घालते, कारण परत फिरलेली ताकदही तिच्यातच विरते. अँटेनाचा एसडब्ल्यूआर 3 झाला तरी 20 मीटर खाली सेटजवळचा एसडब्ल्यूआर मीटर दीड दाखवतो. केबल वरून पूर्ण सुटली असली तरी सव्वादोन-अडीचच्या पुढे काटा जात नाही. एसडब्ल्यूआर तपासायचा तर अँटेनाच्या बुडाशीच तपासावा.

ग्राउंड प्लेनमध्ये लपायला जागा नाही. एक एसओ-239 चेसिस कनेक्टर (केबल जोडायचं चौकोनी सॉकेट) घ्या. मधल्या पिनला 2 ते 3 मिलिमीटरची तांब्याची किंवा पितळी काडी डाखा. ती 51 सेंटिमीटरची कापून ठेवा आणि दोन-दोन मिलिमीटर कातरत आणा, 49 च्या आसपास जमते. कोपऱ्यांतल्या चार भोकांना स्क्रूने 51.5 सेंटिमीटरचे चार रेडिअल (खालच्या काड्या) लावून 45 अंश खाली वाकवा. आडवे ठेवलेत तर इम्पीडन्स (अँटेनाचा विद्युत अडथळा) 36 ओहमच्या आसपास राहतो, खाली झुकवल्यावर 50 कडे येतो. पिनच्या बुडाशी एम-सील किंवा न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लावा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, ते नको. खालच्या पीएल-259 (केबलच्या टोकाच्या कनेक्टर) वर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून खिडकीतून आत येतं.

केबल घेताना टोक सोलून बघा. जाळीतून आतलं पांढरं प्लास्टिक दिसत असेल तर छाप काहीही असो, ती 213 नाही. फोमवाली जाड केबल तोट्यात आणखी बरी, पण कठड्याच्या तापलेल्या काठावर घट्ट वाकवली की मऊ झालेल्या फोममधून मधली तार सरकते. आरजी-213 चं भरीव पॉलिथिलीन हे जास्त सोसतं. तरीही वळण 10 सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको.

वजनाचाही फायदा आहे. पाव किलोच्या आतला हा अँटेना 6 मीटरच्या एका जीआय पाइपवर तीन तणाव्यांत उभा राहतो, आणि सपाट मुलखात उंची दुप्पट झाली की साधारण 6 डीबी मिळतात. तणावे नायलॉनचे नकोत, उन्हात कमजोर होतात. होटगी रस्त्याला विमानतळाच्या बाजूला राहात असाल तर मात्र पाइप उभा करण्याआधी उंचीचा नियम विचारून घ्या. तिथे साखर कारखान्याची चिमणीही 2023 मध्ये पाडावी लागली.

ग्राउंड प्लेनची उणी बाजू 435 मेगाहर्ट्झला दिसते. तिथे तो पाऊण तरंगलांबीचा होतो, एसडब्ल्यूआर बरा दिसतो, पण ताकद आभाळाकडे जाते. स्थानिक यूएचएफ बोलायचं असेल तर त्याला वेगळा छोटा करावा लागेल. आणि पंढरपूरपर्यंत सिम्प्लेक्सचाच (मधल्या रिपीटरशिवाय थेट बोलण्याचाच) हट्ट असेल तर तीन मीटरची खरी कोलिनिअर घ्यायला माझी ना नाही. ती ग्राउंड प्लेनपेक्षा 4 डीबीच्या आसपास पुढे जाईल. पण तेव्हाही आधी आरजी-213 ओढा, आणि दर मे महिन्याच्या शेवटी खाली उतरवून तळाचं भोक टाचणीने मोकळं करा.