थाई पेशंटसाठी पायाची प्रश्नावली: एफएफआय घ्यावी की एफएओएस?

बँकॉकला फिजिओ शिकणारी मैत्रीण अडकलीय, थाई भाषेत आणायला दोनपैकी कुठली प्रश्नावली घेऊ म्हणून: एफएफआय (फूट फंक्शन इंडेक्स) की एफएओएस (फूट अँड अँकल आउटकम स्कोअर). पाय किती दुखतो, रोजच्या कामात किती अडतं, हे पेशंटलाच विचारणाऱ्या या दोन्ही प्रश्नावल्या.

तिला म्हटलं, लांबी बघ आधी. एफएफआय १९९१ ची, २३ प्रश्न, एफएओएसमध्ये ४२. दुखऱ्या पायाने ओपीडीत ताटकळलेल्या आजींना ४२ प्रश्न म्हणजे खरंच त्रास आहे गं.

पण उत्तर देणं एफएओएसमध्ये सोपं, पाच पर्यायांतला एक निवडायचा. मूळ एफएफआयमध्ये त्रास किती ते एका रेषेवर खूण करून दाखवायचं, ते वयस्कर लोकांना समजावत बसावं लागतं.

खरी गोम भाषेपेक्षा राहणीत आहे. एफएओएस मोजे घालणं, बाथटबमध्ये चढणं-उतरणं विचारते, तिथल्या उकाड्यात चपला घालून फिरणारा आणि डब्याने पाणी घेऊन आंघोळ करणारा माणूस काय सांगणार? उलट उकिडवं बसणं, गुडघ्यावर बसणं त्यात आहे ते तिथे फार कामाचं. एफएफआय अनवाणी चालताना किती दुखतं ते विचारते, घरात-देवळात चपला बाहेर काढणाऱ्यांना हे लगेच कळतं.

उलट-भाषांतर (थाईतून परत मूळ भाषेत आणून ताडून बघणं), चाचणी, काही दिवसांनी तेच प्रश्न परत विचारणं, ही मेहनत दोन्हीकडे तेवढीच, ती टाळू नकोस.

टाचदुखी, संधिवात, वयस्कर पेशंट असतील तर एफएफआय. घोटा मुरगळलेले, खेळणारे तरुण असतील तर एफएओएस, फक्त बाथटबचा प्रश्न तिथल्या लोकांशी बोलून बदल.