अल्फा कोर्स: जेवण उत्तम, चित्रफीत ठीक, पुढचं तुमचं तुम्ही बघा

ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणाऱ्या अल्फा कोर्सला एकच रेटिंग देणं अवघड आहे. जेवणाच्या टेबलाला पाचपैकी साडेचार, चित्रफितींना साडेतीन आणि कोर्स संपल्यावर हातात काय उरतं याला जेमतेम दोन. इंग्लंडमध्ये नवी मंडळी, म्हणजे नवा चर्च-समुदाय, उभी करणारे अनेक गट पहिल्याच वर्षी अल्फाकडे वळतात. साहित्य फुकट, नाव ओळखीचं, आणि पाळकाला दर आठवड्याला नवं प्रवचन लिहावं लागत नाही. कारणं रास्त आहेत, पण तेवढ्यावर तारीख ठरवून मोकळं होऊ नये.

लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये १९७७ साली चार्ल्स मार्नहॅम यांनी हा कोर्स नुकताच विश्वास धरलेल्यांना प्राथमिक शिकवण द्यायला सुरू केला. १९९० मध्ये तो निकी गम्बेल यांच्याकडे आला. ते मूळचे बॅरिस्टर. चर्चशी काही संबंध नसलेली माणसंही या टेबलाशी रमतात हे त्यांनी हेरलं आणि सगळी मांडणी बाहेरच्यांसाठी बदलली. ALPHA या अक्षरांची फोड करतानाही ‘पी’ म्हणजे पास्ता असं सांगितलं जायचं. गंमत म्हणून सांगत असले, तरी कोर्सचा जीव खरोखर त्या पास्त्यातच आहे.

संध्याकाळचा क्रम ठरलेला: जेवण, भाषण किंवा चित्रफीत, मग गटचर्चा. साधारण अकरा आठवडे, आणि मध्ये पवित्र आत्म्यावरचा एक शनिवार-रविवार. चालणारं वेळापत्रक असं: साडेसहाला स्वयंसेवकांची प्रार्थना, सातला जेवण, पावणेआठला चित्रफीत, सव्वाआठ ते नऊ चर्चा. नऊ म्हणजे नऊ. साडेनऊपर्यंत ताणलं की लहान मुलांचे आईबाप आणि पहाटे कामावर जाणारे पुढच्या आठवड्यात दिसत नाहीत. एका टेबलाशी आठ ते बारा जण, त्यात एक यजमान आणि एक-दोन मदतनीस. मंडळीतलीच पाच-सहा माणसं ‘आम्हीही बसतो’ म्हणून टेबलावर आली की पाहुणा अल्पमतात जातो आणि गप्प होतो. अल्फा फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. स्वयंपाकघरात माणूसबळ कायम कमी असतं. उत्साही सभासदांना तिकडे पाठवा. जेवणाच्या टेबलावर पदार्थांतल्या ॲलर्जीकारक घटकांची चिठ्ठी ठेवा. ब्रिटनच्या यादीत असे १४ घटक आहेत. मुलांना सांभाळायची सोय करणार असाल, तर ते काम करणाऱ्यांची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) आधी उरकून घ्या, कारण कागद यायला वेळ लागतो.

खरी कसोटी गटचर्चेत लागते. समजा, तिसऱ्या आठवड्यात, येशू का मेला या विषयावर, एक बाई काटा खाली ठेवून विचारते, ‘मग माझ्या भाच्याला चौथ्या वर्षी कॅन्सर का झाला?’ नवखा यजमान लगेच इच्छास्वातंत्र्य, मानवाचं पतन, बायबलमधलं रोमकरांस पत्र असं सगळं ओततो. दोन मिनिटांत टेबल मुकं होतं आणि ती बाई परत येत नाही. मुरलेला यजमान भाच्याचं नाव विचारतो, थांबतो, आणि थोड्या वेळाने बाकीच्यांकडे वळून म्हणतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ अल्फाचं प्रशिक्षण हेच सांगतं: उत्तर देऊ नका, चूक दुरुस्त करू नका, शांततेला घाबरू नका. वर्षानुवर्षं बायबल अभ्यास चालवलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. म्हणून यजमान निवडताना शास्त्राचं ज्ञान दुय्यम धरा. ज्याला ऐकून घेता येतं तो घ्या. प्रशिक्षणाच्या दोन बैठकांना दांडी मारणाऱ्याला टेबल देऊ नका, मग तो चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळातला का असेना.

२०१६ पासूनच्या चित्रफिती देखण्या आहेत, चित्रीकरण जगभर फिरतं आणि रस्त्यावरच्या लोकांच्या मुलाखती नेमक्या बसवल्या आहेत. अडचण क्रमाची आहे. आयुष्यात याहून अधिक काही आहे का, येशू कोण, तो का मेला: चौथ्या आठवड्याच्या आत गाडी वधस्तंभ ओलांडून विश्वासापर्यंत पोचलेली असते. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत गेलेल्याला हे पेलतं. पण २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, २०२१ मध्ये ४६.२ टक्के, ‘धर्म नाही’ म्हणणारे २५.२ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. चर्च ऑफ इंग्लंडच्या २००४ च्या एका अहवालातच मंडळी सोडून गेलेले आणि मंडळीत कधी नव्हतेच, असा फरक केला होता. अल्फा पहिल्यांना जवळ आणतो. दुसऱ्यांना पाप हा शब्दच परका असतो आणि ‘याहून अधिक काही’ हवं असल्याची टोचणीही नसते. त्यांच्यासाठी आधी सहा-आठ महिने नुसतं जेवण, चालायचा गट, पालकांचा कट्टा असं काही चालवा आणि मग आमंत्रण द्या. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानावर चालणारा ख्रिश्चॅनिटी एक्सप्लोर्ड हा दुसरा कोर्स सात आठवड्यांत आटपतो आणि मजकुराला घट्ट धरून राहतो. वाचायची सवय असलेल्यांना तो जास्त मानवतो, पण टेबलाची ऊब त्यात मुद्दाम आणावी लागते.

शनिवार-रविवारच्या मुक्कामाबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण खर्चामुळे तो गाळतात, आणि मग कोर्स व्याख्यानमालेसारखा कोरडा होतो. काही जण संध्याकाळच्या प्रार्थनेत संगीत चढवून माणसांना रडवतात. बाहेरचा मुक्काम झेपत नसेल तर एकच शनिवार, दहा ते चार, पुरतो. प्रार्थना होण्यापूर्वी नेमकं काय होणार ते साध्या शब्दांत सांगा, आणि बसून राहणंही चालेल असं म्हणा. करिश्माई, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारी, छटा कोर्समध्ये मुळातच आहे. ती पटत नसेल तर दुसरा कोर्स घ्या, अर्धवट कापून वापरू नका.

आता कोर्सनंतर हातात काय उरतं याला दोनच गुण का, ते सांगतो. मंडळी हा विषय अगदी शेवटच्या आठवड्यात येतो. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांना जागा तोकडी. अकरा आठवडे गोल टेबलाभोवती बोलायला शिकलेल्या माणसाला बाराव्या आठवड्यात रांगेतल्या खुर्चीवर बसवून तासभर ऐकायला लावलं, तर तो दोनदा येतो आणि थांबतो. दोष पाहुण्याचा नसतो. लेस्ली न्यूबिगिन मद्रासचं बिशपपद सोडून १९७४ मध्ये ब्रिटनला परतले आणि पाश्चात्त्य समाजालाच मिशनक्षेत्र मानून लिहू लागले. त्यांचा भर मंडळीच्या सामूहिक जगण्यावर होता. अल्फाच्या पेटीत ते मिळत नाही. पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चला नेमून दिलेल्या भागाच्या, हद्दी ओलांडून बिशप्स मिशन ऑर्डर या बिशपच्या खास परवानगीखाली उभी राहणारी नवी मंडळी असेल तर निदान तिला रचना ठरवायची मोकळीक असते, ती वापरावी.

म्हणून पहिला कोर्स सुरू करण्याआधीच बारावा आठवडा ठरवा. तोच वार, तीच वेळ, तेच टेबल, तोच यजमान. चित्रफितीच्या जागी मार्कचा अर्धा अध्याय मोठ्याने वाचा आणि प्रश्न पूर्वीसारखेच मोकळे ठेवा. खोलीचं आरक्षण करताना अकराऐवजी वीस आठवड्यांचं करा, आणि स्वयंपाकाची पाळी लावताना पहिल्या आठवड्यापासून एक नाव पाहुण्यांपैकी घ्या.