नॉर्मल की सिझर? रिपोर्टमध्ये काही निघालं असेल तर

सातवा महिना भरला की भिवंडी-पुण्याची लेक बाळंतपणाला सोलापुरात माहेरी येते. फाइल पिशवीत असते, त्यातला एक रिपोर्ट, गरमी, हर्पिस, एचआयव्ही किंवा काविळीचा, मात्र आईलाही दाखवलेला नसतो. मनात प्रश्न एकच: सिझर केलं तर बाळ वाचेल ना लागणीतून?

आजार कोणता, त्यावर आहे. बाळ बाहेर येताना आईच्या रक्ताशी, स्रावाशी येणारा संबंध सिझरने कमी होतो, एवढंच. लागण त्याआधीच झाली असेल तर पोट फाडून उपयोग नाही.

गरमी, म्हणजे सिफिलिस, घ्या. तिचे जंतू वारेतून गरोदरपणातच बाळापर्यंत पोचतात. इथे नॉर्मल-सिझर हा वादच फुकटचा. पेनिसिलिनचं इंजेक्शन बाळंतपणाच्या निदान 30 दिवस आधी मिळालं का, ते बघा. नवऱ्यालाही उपचार हवेत, नाहीतर पुन्हा तेच.

हर्पिसचं, म्हणजे गुप्तांगावर फोड आणणाऱ्या विषाणूचं, बरोबर उलटं. कळा सुरू होताना योनीजवळ फोड असतील तर सिझरच. पहिलीच लागण शेवटच्या तीन महिन्यांत झाली असेल तर धोका सर्वांत मोठा. जुना आजार अधूनमधून उठणारा असेल तर तो पुष्कळ कमी. अशांना 36व्या आठवड्यापासून गोळ्या देतात, म्हणजे ऐनवेळी फोड येण्याची शक्यता कमी होते.

एचआयव्हीत निर्णय व्हायरल लोडवर, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्यावर. गोळ्या नियमित चालू आहेत आणि शेवटच्या महिन्यात लोड 1000च्या खाली आहे, तर सिझरने जास्तीचा फायदा नाही. लोड जास्त असेल तर 38व्या आठवड्यात, कळांच्या आधी ठरवून केलेलं सिझर कामाचं; पाणमोट फुटल्यावर घाईने केलेल्याचा फायदा बराच घटतो. उपचारच नसतील तर लागणीची शक्यता 15 ते 45 टक्के, नीट उपचारांनी 5 टक्क्यांच्या आत. हा फरक गोळीचा आहे, टाक्यांचा नाही.

ब प्रकारच्या काविळीत (हिपॅटायटिस बी) मी सिझरच्या खर्चाऐवजी बाळाच्या लसीची चौकशी करीन. पहिला डोस 24 तासांत, आणि त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन शक्यतो 12 तासांत. ते महाग असतं, प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं नसतं. रात्री दोनला औषधाची दुकानं पालथी घालण्यापेक्षा आठव्या महिन्यातच विचारून ठेवा.

दवाखाना कोणता? खासगीत तारीख आणि खोली आपल्या सोयीची. सिव्हिलमध्ये गर्दी, पण एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन आणि एआरटी केंद्र (एचआयव्हीच्या गोळ्या देणारं) एकाच आवारात. लोड जास्त असेल तर माझा कौल सिव्हिलला. शेजारीण दिसेल ही भीती खरी आहे. पण एचआयव्हीच्या 2017च्या कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय रिपोर्ट कुणाला सांगता येत नाही, उपचार नाकारताही येत नाहीत. भिवंडीहून निघतानाच तिथल्या केंद्राचं ट्रान्सफरचं पत्र घ्या.

राहिलं दूध. काविळीत लस दिल्यावर बिनघोर पाजा. एचआयव्हीत आईच्या गोळ्या आणि बाळाचं औषध चालू ठेवून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं. वरचं दूध मध्ये मिसळायचं नाही. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. आजी चाटण घेऊन आली तर रिपोर्ट उघडायची गरज नाही. "डॉक्टरांनी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय वरचं काहीच देऊ नका म्हटलंय" हे तिला सांगता येतं, आणि ते प्रत्येक बाळाच्या बाबतीत खरंच असतं.