मांजरांची भांडी आणि त्यांच्या जागा: आठ महिन्यांचा अनुभव

आमची मांजर साय खायला बसली की एकेक दाणा पंज्याने भांड्याबाहेर काढायची आणि फरशीवरून उचलून खायची. मला वाटायचं, खेळतेय. आमचा बोका ढब्बू मधलं तेवढं खाऊन कडेचं तसंच ठेवायचा आणि भांडं रिकामं झाल्यासारखा ओरडत माझ्यामागे फिरायचा. तेव्हा आमच्याकडे प्लास्टिकचं जोडभांडं होतं: एका खोलगट वाटीत खाणं, शेजारच्या वाटीत पाणी.

ते गेलं सायच्या हनुवटीमुळे. तिथे काळे ठिपके दिसायला लागले. पुसले तरी दोन दिवसांत पुन्हा. डॉक्टर म्हणाले, मुरुमं आहेत, आधी प्लास्टिक बंद करा. प्लास्टिकवर बारीक चरे पडतात, त्यांत जंतू राहतात आणि नुसतं विसळून ते निघत नाहीत. प्रत्येक मांजराला प्लास्टिकमुळेच असं होतं असं नाही, पण भांडं बदलल्यावर आणि रोज साबणाने घासायला लागल्यावर सायची हनुवटी दीड महिन्यात स्वच्छ झाली.

आधी स्टीलची पसरट थाळी आणली. धुवायला सर्वांत सोपी, पण हलकी. ढब्बू खाता खाता तिला खोलीभर ढकलत न्यायचा. खाली रबराची कड असलेली आणली तर त्या कडेत खाणं अडकून वास यायला लागला. कड दर वेळी काढून धुवायची तयारी असेल तरच घ्या. शेवटी टिकली ती चिनीमातीची जड, उथळ बशी, साधारण १५ सेंटीमीटर रुंद. मांजराला नाकाजवळचं नीट दिसत नाही, तिथे मिशाच कामाला येतात, आणि खोल वाटीत त्या दोन्ही बाजूंनी दाबल्या जातात. सगळ्याच मांजरांना याचा त्रास होतो असं मी म्हणणार नाही. सायने मात्र तिसऱ्या दिवशी दाणे बाहेर काढणं थांबवलं. एका बशीचा टवका उडाला तेव्हा ती लगेच टाकून दिली, कारण भेगेत घाण बसते.

पण खरा फरक पडला तो जागेने.

पाळीव मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्यांना तहान मुळातच कमी लागते. किलोमागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर पाणी पोटात जायला हवं, त्यात खाण्यातलंही आलं. ओल्या खाण्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. आमची दोघं दाण्यांवर, म्हणून मी सकाळी मोजून पाणी भरायचे आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचे. वाफ होऊन किती जातं ते कळावं म्हणून एक भांडं कपाटावर, त्यांच्या पोचेबाहेर ठेवलं होतं. पाणी खाण्यापासून दूर नेलं आणि तीन ठिकाणी ठेवलं, तेव्हा पिणं जवळपास दीडपट झालं. शी-शूचा ट्रे (लिटर ट्रे) तर खाण्यापिण्यापासून शक्य तितका लांबच हवा.

कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेलं पाणी साय टाळायची. तेच भांडं हातभर पुढे ओढल्यावर ती भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसली आणि शांतपणे पीत राहिली. जीभ इतकी भरभर चालते की पाण्याचा नुसता बारीक दोरा वर येताना दिसतो. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

दोन मांजरं असतील तर जेवण एकमेकांच्या नजरेआड द्या. ढब्बू सायला कधीच मारत नसे, फक्त समोर बसून बघत असे. तेवढ्यानेच ती अर्धं टाकून उठायची. आता ती आतल्या खोलीत जेवते, सावकाश, आणि बशी पूर्ण चाटून ठेवते.

पाण्याचं कारंजंही दोन महिने चालवलं. ढब्बूला आवडलं, पण पंपात केस अडकतात आणि आतून बुळबुळीत थर धरतो. दर आठवड्याला सगळे भाग सुटे करून घासावे लागतात. ते जमत नसेल तर काचेचा रुंद वाडगा आणि रोज ताजं पाणी पुरे.

एक अजून जमलेलं नाही. तिन्ही भांडी भरलेली असली तरी ढब्बू न्हाणीघरातल्या बादलीतच तोंड घालतो. म्हणून मी ती बादलीसुद्धा आता रोज घासते आणि त्यात साबणाचे कपडे भिजवणं बंद केलं आहे.