"अपडेट आलं की ब्ल्यू-रे पण चालेल" म्हणून गळ्यात मारलेला प्लेअर

प्रकरण जुनं आहे, २००८ च्या जानेवारीतलं, पण परवा मावसभावाला एका दुकानदाराने जवळजवळ हीच थाप मारली म्हणून सविस्तर लिहितोय.

तेव्हा आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायचो. नवीन एचडी टीव्ही घेतलेला, त्यावर साधी डीव्हीडी धुरकट दिसायची, त्यामुळे एचडी प्लेअर घ्यायचा हे नक्की, फक्त कुठला ते ठरत नव्हतं. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरीकडे सोनी आणि मंडळींचा ब्ल्यू-रे, एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. सिनेमावाल्या स्टुडिओंनी पण वाटण्या करून घेतलेल्या, युनिव्हर्सल आणि पॅरामाउंट इकडे, डिस्ने, फॉक्स, सोनी तिकडे, वॉर्नर तेवढं दोन्ही दगडांवर पाय ठेवून. पैशाच्या हिशेबाने एचडी डीव्हीडी फारच स्वस्त होती, आदल्या नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा ए२ हा प्लेअर चक्क ९८ डॉलर ८७ सेंटला काढलेला, आणि ब्ल्यू-रेसाठी सोनीचा ४० जीबीचा प्लेस्टेशन ३ (गेम खेळायचा डबा, पण ब्ल्यू-रे पण चालवायचा) घ्यायचा तर ३९९ डॉलर.

मग ४ जानेवारीला वॉर्नरने जाहीर केलं की मे संपला की आम्ही फक्त ब्ल्यू-रे काढणार. खरं तर खेळ तिथेच संपला होता पण ज्याच्याकडे माल पडून आहे तो कशाला सांगेल. तोशिबाने त्याच महिन्यात भाव पाडले, ए३ दीडशे डॉलरला आला, आणि आमच्या भागातल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी सरळ विचारलं की वॉर्नर गेलं, आता हा घेऊन मी करू काय? सेल्समन आपल्याकडचाच होता. "भाईसाब, टेन्शन मत लो, मार्च में फर्मवेअर अपडेट आ रहा है, फिर इसी में ब्ल्यू-रे भी चलेगा." आणि प्लेअर फिरवून मागचं इथरनेटचं पोर्ट दाखवलं.

आता यातली चलाखी बघा. पोर्ट खरं होतं, तोशिबा त्यातून अपडेट द्यायची हेही खरं, आणि दोन्ही डिस्क चालवणारा एलजीचा एक महागडा प्लेअर २००७ मध्ये बाजारात आलेला होता, म्हणजे ऐकायला सगळं पटण्यासारखं. पण एलजीवाल्यांनी त्यासाठी आत तशी लेन्स बसवलेली. लेझर दोन्हीकडे तोच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा, पण ब्ल्यू-रेचा डेटा डिस्कच्या पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटर खाली असतो आणि एचडी डीव्हीडीचा साध्या डीव्हीडीसारखा ०.६ मिलिमीटर, लेन्सचं न्यूमेरिकल अपर्चर (लेझर किती बारीक ठिपक्यावर आणता येतो त्याचं माप) एकीकडे ०.८५ तर दुसरीकडे ०.६५. अपडेटने सॉफ्टवेअर बदलतं हो, काच कशी बदलणार?

आणि खरी हातचलाखी तर पुढेच. तोशिबाची स्कीम होती, खोक्यावरचा बारकोड कापून फॉर्मबरोबर पोस्टाने पाठवला की पाच सिनेमे फुकट. पैसे भरल्याबरोबर पठ्ठ्याने कटर काढला, "आपको झंझट नहीं, मैं कर देता हूँ" म्हणत बारकोड कापला, फॉर्मला स्टेपल केला, पावती घडी करून त्याच पाकिटात. किती ती मदत! पावतीवर तळाला "ओपन बॉक्स, फायनल सेल" छापलंय हे घरी पाकीट उघडल्यावर दिसलं, खोकं तर माझ्यासमोर सील फोडून उघडलेलं.

१९ फेब्रुवारीला तोशिबानेच एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वीकेंडला दुकानात गेलो तर तो सेल्समन म्हणे मी असं बोललोच नाही, आणि मॅनेजर खोकं फिरवून म्हणतो की बारकोड कापलेला आहे, कंपनी परत घेणार नाही. कापला कोणी तर तुमच्याच माणसाने, इथेच, याच काउंटरवर! त्यावर त्याने फायनल सेलवर बोट ठेवलं. क्रेडिट कार्डवाल्यांकडे डिस्प्युट टाकला, त्यांनी लेखी काय आहे ते मागितलं, लेखी होतं ते सगळं दुकानाच्या बाजूचं, निकाल पण तसाच लागला. बेस्ट बायने स्वतःहून एचडी डीव्हीडी प्लेअर घेतलेल्यांना ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं त्या दिवसांत, आमच्याकडे साधं सॉरी पण नाही. पाच फुकट डिस्क मात्र इमानदारीत घरी आल्या.

मावसभावाची गोष्ट पुण्यातली. इम्पोर्टेड माल विकणारा एक दुकानदार त्याला अमेरिकेतला ब्ल्यू-रे प्लेअर देत होता. ब्ल्यू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे भाग म्हणजे रीजन पाडलेत, तिकडचे प्लेअर रीजन ए चे, भारत रीजन सी मध्ये येतो, त्यामुळे इथली रीजन लॉक असलेली डिस्क त्यात चालत नाही (फोर-के डिस्कला रीजनची भानगड नसते, पण साध्या ब्ल्यू-रेला असते). दुकानदार म्हणाला नेटवरून अपडेट मारला की ऑल रीजन होईल. भावाला सांगितलं की घरातली रीजन सी ची डिस्क घेऊन जा, दुकानातच लावून बघ, खोक्याला कोणालाही कटर लावू देऊ नको, आणि अपडेटचं जे बोलला ते बिलावर लिहून सही-शिक्का माग. डिस्क अर्थातच चालली नाही. मग बिलावर लिहून मागितलं तर दुकानदार म्हणाला, शिक्का शेठकडे असतो, शेठ गावाला गेलेत, तुम्ही पैसे भरून जा, शिक्का नंतर मारून देतो.