खोक्यांचा धंदा करणाऱ्याला रिकामं खोकं विकलं: १,८५,२३४ रुपयांचं 'सिक्युअर वायफाय'

आधीच सांगून ठेवतो, मी काही काल दुकान टाकलेला माणूस नाही. वीस वर्षं कोरुगेटेड बॉक्सचा धंदा करतोय, कागद बोटात धरला की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, ते सांगतो, रीलला पाणी मारून वजन वाढवलेलं असेल तर गाडीतून उतरवतानाच कळतं. आणि मलाच एकाने रिकामं खोकं विकलं, तेही छताला चिकटवून. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही. हिला वाटतंय पन्नास-साठ हजार गेले.

झालं असं की आमच्या मोठ्या कस्टमरने, गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी आहे, मार्चमध्ये एक फॉर्म पाठवला. त्यात आमच्याकडे ऑफिसचं आणि गेस्टचं वायफाय वेगळं आहे का, प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन आहे का, असले चाळीसएक प्रश्न, आणि १२ एप्रिलला त्यांचा ऑडिटर येणार. तोपर्यंत आमच्याकडे इंटरनेटवाल्याने दिलेला एक राउटर, त्याचा पासवर्ड गेटवरच्या वॉचमनपासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना पाठ. हे बरोबर नव्हतं, मान्य. म्हणून तर माणूस शोधला. मेव्हण्याच्या ओळखीचा होता, म्हणजे मेव्हण्याच्या ओळखीच्या माणसाच्या ओळखीचा, हे मला नंतर कळलं.

कोटेशन अगदी व्यवस्थित. चार अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी छतावरची यंत्रं, १६,५०० प्रमाणे ६६,०००. कंट्रोलरचं, म्हणजे ती सगळी यंत्रं एका जागेवरून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, तीन वर्षांचं लायसन्स ३१,५००. मॅनेज्ड पीओई स्विच, म्हणजे त्या यंत्रांना एकाच केबलने वीज आणि इंटरनेट देणारा, सेटिंग करता येणारा डबा, २२,०००. कॅट सिक्स केबल आणि फिटिंग २०,०००. 'सिक्युरिटी हार्डनिंग', म्हणजे सुरक्षा पक्की करणं, १७,५००. एकूण १,५७,०००, वर १८ टक्के जीएसटी २८,२६०, म्हणजे १,८५,२६०. सोबत आमच्या शेडचा म्हणून रंगीत हीट मॅप, हिरवं म्हणजे सिग्नल फुल, लाल म्हणजे वीक. त्या हीट मॅपवर डाव्या कोपऱ्यात जिना होता. आमच्याकडे वरचा मजलाच नाही. मी विचारलं, तर म्हणाला "रिप्रेझेंटेटिव्ह आहे साहेब." आणि मी पुढचं पान उलटलं.

५० टक्के अ‍ॅडव्हान्स, ९२,६३० एनईएफटीने. दोन दिवसात पोरं आली, शिड्या लावल्या, छताला चार पांढऱ्या गोल चकत्या, ऑफिसात एक, डिस्पॅचला एक, गोडाऊनला दोन. दिसायला एकदम एअरपोर्टसारखं. लगेच दुसरा हप्ता ४० टक्के, ७४,१०४, आणि एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचे, १४,००० रोख, बिल नाही. हो, रोख दिले, बोला काय बोलायचं ते.

आता ती गोष्ट, जी रोज रात्री आठवते. संध्याकाळी सातच्या सुमाराला गोडाऊनचे दिवे बंद करताना वर बघितलं. ऑफिसातल्या चकतीवर निळा लाइट होता, डिस्पॅचला होता, गोडाऊनच्या दोन्हीवर काहीच नाही, अंधार. मी तिथेच उभा राहून त्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, ते एलईडी मी कंट्रोलरमधून ऑफ केलेत, रात्री वॉचमनच्या डोळ्यावर येतो म्हणून." आता यातली मेख अशी की हे ऑप्शन खरंच असतं! कंट्रोलरमधून लाइट बंद करता येतो, भाच्याने नंतर दाखवलं. खोटं बोलायचं तर असं, निम्मं खरं मिसळून. पण मला एवढं सुचू नये की वॉचमन बसतो गेटवर, गोडाऊनला रात्री बाहेरून कुलूप असतं, कुणाच्या डोळ्यावर येणार? कुलूप मी स्वतः लावतो. हातात किल्ली होती माझ्या. आणि मी त्याला "थँक्यू, बरं केलंत" म्हणालो.

गोडाऊनमध्ये रेंज नाही म्हटलं की "फोनचा अँटेना वीक आहे". हार्डनिंगच्या नावाखाली त्याने काय केलं, तर वायफायचं नाव लपवलं आणि मॅक फिल्टर लावला, म्हणजे ज्या फोनचा ओळख नंबर (मॅक) यादीत आहे तेवढाच जोडू द्यायचा, म्हणे बँकेत असंच असतं. लपवलेलं नाव शोधायला फुकटातलं अ‍ॅप पुरतं. आणि मॅक अ‍ॅड्रेसची नक्कल करता येते हे सोडाच, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःच प्रत्येक वायफायला वेगळा खोटा मॅक दाखवतात, त्यामुळे माझ्याच माणसांचे फोन लागेनात. तीनदा तो येऊन 'सेट' करून गेला, व्हिजिटचे १,५०० प्रमाणे ४,५०० झाले. एएमसी असताना व्हिजिटचे पैसे का, हे विचारलं होतं हो मी. "एएमसी हार्डवेअरची आहे."

ऑडिटर १२ तारखेला आला. मान वर करून छताकडे बघितलं, चकत्या मोजल्या, "४ नग" लिहिलं, कोटेशनची झेरॉक्स घेतली, चहा घेऊन गेला. आम्ही पास! म्हणजे ज्याचं कामच तपासायचं त्याला कळलं नाही, तर बारावी कॉमर्सवाल्या मला काय कळणार होतं, एवढंच म्हणायचंय.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गोडाऊनचा पत्रा गळला आणि पाणी नेमकं एका चकतीवर. शॉर्ट होईल म्हणून इलेक्ट्रिशियनला वर चढवलं. तो वरूनच ओरडला, "शेठ, याला वायरच नाय!" चकतीमागून जी केबल आत जाताना दिसत होती ती पत्र्याच्या पट्टीमागे वीतभर जाऊन गुंडाळून टेपने चिकटवलेली, टोकाला कनेक्टरसुद्धा नाही. चकती हातात घेतली तर पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढं वजन. मागचे स्क्रू काढले, आत बोर्डच नाही. दुसरीचंही तेच.

मग भाच्याला बोलावलं, कॉम्प्युटर डिप्लोमा केलाय. रॅकला कुलूप होतं आणि किल्ली त्या माणसाकडे, "उघडलं तर वॉरंटी व्हॉइड" असा स्टिकर. तोडलं. आत मॅनेज्ड म्हणून दिलेला स्विच साधा, व्हीलॅनचं, म्हणजे एकाच स्विचवर दोन नेटवर्क वेगळी ठेवायच्या सोयीचं, नावच नाही, आणि त्यात वायरी तीन. एक इंटरनेटची, दोन चकत्यांच्या. चार चकत्यांना चार वायरी लागतात, हे पहिलीतलं पोर मोजेल, पण मला आत बघूच दिलं नव्हतं. चालू असलेल्या दोन चकत्याही जुन्याच. नखाने वरचा स्टिकर खरवडला तर खाली दुसरा, त्यावर पेनने 'थर्ड फ्लोअर, लिफ्टजवळ'. कुठल्या हॉटेलच्या लिफ्टजवळ लटकून आलीय देव जाणे. ३१,५०० चं लायसन्स? त्या कंपनीचं कंट्रोलर सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड होतं.

कोटेशनमध्ये 'डब्ल्यूपीए३ एंटरप्राइज' लिहिलं होतं. डब्ल्यूपीए म्हणजे वायफायला कुलूप लावायची पद्धत, ३ ही नवी, आणि एंटरप्राइजचा अर्थ प्रत्येक माणसाला स्वतःचं युजरनेम, एखादा नोकरी सोडून गेला की फक्त त्याचं बंद करायचं. प्रत्यक्षात २००४ पासून चालत आलेलं डब्ल्यूपीए२, एकच पासवर्ड, तोही आमच्या फर्मचं नाव आणि पुढे १२३. आणि गेस्ट वायफाय? भाच्याने स्वतःचा फोन गेस्टला जोडला, दोन मिनिटं काहीतरी केलं आणि ऑफिसच्या प्रिंटरमधून आपोआप एक कागद बाहेर आला. त्यावर लिहिलेलं, 'मामा'. अकाउंटवाली मुलगी दचकलीच. नावं दोन, पण नेटवर्क एकच, दोन्हीकडे १९२.१६८.१ नेच सुरू होणारे पत्ते. म्हणजे माल उतरवायला आलेला कुठलाही ड्रायव्हर चहा पितापिता टॅलीच्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊ शकत होता. हे तुमच्याकडे आजच करून बघा, गेस्टला फोन जोडा आणि ऑफिसचा प्रिंटर दिसतो का बघा, दिसला तर कोटेशनवर काय लिहिलंय ते वाचत बसू नका. वर सगळं लॉगिन त्याच्याच ईमेलवर, तो घरबसल्या कधीही आत येऊ शकत होता, शेवटी पिन खुपसून रीसेट केलं तेव्हा सुटलो.

शेवटचे १० टक्के, १८,५२६, मी टेस्टिंगनंतर देतो म्हणून अडवले होते आणि त्याचा मला फार अभिमान होता. हिशोब केला तर दोन हप्ते, एएमसी, व्हिजिट मिळून १,८५,२३४. म्हणजे माझ्या हुशारीने वाचवले २६ रुपये.

आता सरकारी यात्रा. फोन अर्थातच बंद. सायबरला गेलो, ते म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, लिंक नाही, ओटीपी नाही, हे आमच्यात येत नाही, लोकल ठाण्याला जा. लोकलला गेलो, तिथल्या साहेबांनी 'वायफाय' एवढा एकच शब्द ऐकला, "मग हे सायबर, तिकडे जा." तिकडूनच आलो म्हटलं तर "मग हे सिव्हिल मॅटर, माल तर दिलाय ना त्याने?" अहो माल म्हणजे काय, बोर्ड नसलेलं प्लॅस्टिक! टेबलावर ठेवून उघडून दाखवलं, तर हवालदार म्हणाला छान आहे, बल्ब लावला तर दिवा होईल. चार चकरा, प्रत्येक वेळी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, तासभर बाकावर बसून राहिलो तेव्हा शिक्का मिळाला. पोच घेतल्याशिवाय उठू नका कधी. ग्राहक कोर्टाचं विचारलं तर वकील म्हणाला धंद्यासाठी घेतलेली वस्तू शक्यतो बसत नाही, पोटापुरता स्वयंरोजगार असेल तरच, आणि तुमच्याकडे चौदा माणसं आहेत. म्हणजे चौदा घरं चालवली हा माझा गुन्हा.

त्याच वकिलाने कळवलं की जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, १ जुलै २०२४ पासून, ठाणं ऐकत नसेल तर वरिष्ठांकडे लेखी द्यायचं आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटपुढे. ते चालू आहे. वकिलाची फी वेगळी, ती वरच्या आकड्यात नाही.

जीएसटीची गंमत राहिलीच. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायला गेलो तर बिल २बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, आलंच नाही. पोर्टलवर त्याचा नंबर टाकला, रजिस्ट्रेशन कॅन्सल, तेही आमच्या कोटेशनच्या आधीपासून. हे बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. अर्धा मिनिट! नवीन पार्टीला उधारीवर बॉक्स देताना मी हे दरवेळी करतो, पैसे देताना केलं नाही.

नवीन माणसाकडून आता करून घेतोय. या वेळी डबे माझ्यासमोर फुटले, सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पेजवर मीच टाकले, अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्या तिजोरीत, लाइट चालू ठेवायला सांगितलेत, आणि अ‍ॅडव्हान्स २० टक्क्यांच्या वर नाही. त्याला राग आला जरा, येऊ दे.

त्या दोन रिकाम्या चकत्या मुद्देमाल म्हणून जमा करून घ्या म्हटलं तर ठाण्यात तेही घेईनात, टेबलावर पडल्यात, एकीत अकाउंटवाली मुलगी स्टेपलरच्या पिना ठेवते. आणि हो, तुमच्या ऑफिसात असा वॉरंटीचा स्टिकर लावलेला रॅक असेल आणि किल्ली तुमच्याकडे नसेल, तर उद्या सकाळी आधी ते कुलूप तोडा आणि वायरी मोजा.